गिटारचा दोष

४ फेब्रुवारी, मंगळवार

काढलं मला. बावीस वर्षांनी. आणि कोणाच्या तोंडून? धाकट्याच्या!

मास्तर नुसता उभा होता, माईकची वायर कोपरावर गुंडाळत. बँड त्याचा, गाणारा तो, पण तोंड उघडायची हिंमत नाही. ड्रमच्या मागून माझा सख्खा भाऊ उठून आला, टॉवेलने मान पुसली आणि म्हणाला, "ताई, तू आता थोडे दिवस थांब."

"थांब म्हणजे?"

"म्हणजे... विश्रांती घे."

मी मास्तरकडे बघितलं. तेव्हा कुठे त्याला कंठ फुटला. "मॅडम, तुमच्या गिटारचा आवाज हल्ली फार टोचतो. परवाच्या पार्टीत पुढच्या टेबलावरची माणसं उठून मागे जाऊन बसली. गिटार जुनी झालीय तुमची. दुसरं काही नाही."

टोचतो! मला तर तो उशीखालून आल्यासारखा येतो. मंद, मऊ, मेलेला. वर्षभर मी नॉब फिरवून फिरवून त्याला धार आणायला बघतेय, आणि हा म्हणतो टोचतो!

धाकटा जमिनीकडे बघत होता. घरातल्या डब्यांना पोचे पाडायचा तेव्हा आईच्या मारातून मी वाचवला त्याला. मास्तरसमोर मी नेऊन उभा केला. "माझा भाऊ आहे, एकदा ऐका तरी" — हे मी म्हटलं होतं, मी! आज तोच म्हणतो, थांब.

गिटार पाठीला लावली आणि चालत घरी आले. बस समोरून गेली तरी चढले नाही. बसमध्ये माणसं असतात.

५ फेब्रुवारी, बुधवार

गिटारचा दोष ना? ठीक. दोष ठेवतच नाही. पिकअप, खुंट्या, ब्रिज, नट — लाकूड सोडून सगळं बदलणार. स्वतःच्या हाताने. मग एकदा जाऊन वाजवून दाखवते. "या परत" म्हणाले की मग मी नाही म्हणेन. सावकाश, नीट, डोळ्यांत बघून नाही म्हणेन.

आई भाजी निवडत होती. तिने विचारलं, "पिकअप म्हणजे गं काय?"

म्हटलं, तारांच्या खाली लोहचुंबक असतं, त्याला केसासारखी तांब्याची तार गुंडाळलेली असते. वरची तार हलली की त्याला कळतं.

"म्हणजे गिटारचे कान."

"हो, कान."

"आणि ते म्हातारे झाले?"

"हो!"

"माझे बघ. अठ्ठ्याहत्तर संपलं, शेजारच्या घरातला चमचा पडला तरी कळतं." आणि शेंगा मोडत बसली. हिला प्रत्येक ठिकाणी स्वतःचं कौतुक घुसवायचं असतं.

८ फेब्रुवारी, शनिवार

वाद्यांच्या दुकानात गेले. दुकानदार पाठीतून वाकलेला, चष्मा कायम कपाळावर, खिशात कानस. बोलायला महाग. माझी गिटार त्याने ॲम्पला लावली, एकदा छेडली आणि लगेच नॉब खाली आणला.

"पिकअप तर उत्तम आहेत बाई. का बदलताय?"

"मंद झालेत."

"मंद?"

"मंद! किती वेळा सांगू?"

त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि गिटारऐवजी माझ्याकडे बघितलं. मग मुकाट्याने कपाट उघडलं. तीन नवे पिकअप, कुलुपाच्या खुंट्या (चाक फिरवलं की तार तिथेच आवळते, सुटत नाही), तारा खाली जिथे टेकतात तो भरीव पितळी ब्रिज, मानेच्या टोकाला तारा ज्यावरून जातात तो हाडाचा नट. सगळं टेबलावर मांडलं.

"बसवून ठेवू? पुढच्या आठवड्यात या."

"मी बसवणार."

"पिकअपची तार फार नाजूक असते बाई. एक झटका आणि गेली."

"माझंही तेच झालंय," म्हटलं. त्याला काही कळलं नसावं. पिशवी दिली.

९ फेब्रुवारी, रविवार

जेवणाच्या टेबलावर चादर घातली, गिटार आडवी केली आणि उघडली. ऑपरेशन! तारा आधीच काढल्या होत्या. पुढची पट्टी अकरा स्क्रूंची. दहा निघाले, अकराव्याचं डोकं झिजलेलं. पकडीने धरून फिरवला, अर्धा तास. आत काय? बावीस वर्षांच्या पार्ट्यांची धूळ. सेक्रेटरींच्या निरोप समारंभांची, कंपन्यांच्या वाढदिवसांची, कोणीही न ऐकलेल्या गाण्यांची. ब्रशने काढली.

ब्रिजच्या स्क्रूंवर माझ्या घामाचा गंज. हिरवट. हाताला लागला तो धुतला तरी वास जाईना.

दुपारी भावजयीचा फोन. कापला. परत आला. परत कापला.

"अगं घे ना. तिने काय केलंय तुझं?" आई.

"नवरा तिचाच आहे ना?"

"आणि भाऊ कोणाचा आहे?"

अकरावा स्क्रू हरवला होता, तो शोधत बसले.

१२ फेब्रुवारी, बुधवार

खुंट्या. नव्यांचे दांडे जाड, लाकडातली भोकं लहान. ड्रिल लावलं असतं तर पाच मिनिटांचं काम, पण मानेचं लाकूड चिरलं की संपलं. म्हणून गोल कानस, हाताने. चार फेरे, फुंकर, दांडा घालून बघायचा, परत चार फेरे. एका भोकाला पाऊण तास. अशी सहा.

हे काम करताना डोकं रिकामं राहतं आणि त्यात नको ते येतं. उदा. माझ्या जागी मास्तरने कोणाला घेतलं असेल? कोणीतरी असेलच, दाढीवाला, पाय पसरून वाजवणारा. धाकट्याने त्याला माझी जागा दाखवली असेल. ड्रमच्या डाव्या बाजूला, झांजांच्या अगदी शेजारी. "इथे उभा राहा, इथून मी दिसतो." बावीस वर्षं मी तिथे उभी होते म्हणून त्याचा ताल सुटला नाही. आणि नेहमी वाटत होतं की उपकार उलटे आहेत!

सहावं भोक झालं. बोटांची टोकं सोलली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सोल्डर. मी हे शेवटचं कॉलेजात केलं होतं. दोनदा चटका बसला, एकदा चादरीला भोक पडलं (आईला अजून माहीत नाही). पांढरी तार स्विचला, काळी तार नॉबच्या पाठीला. धूर नाकात जातो, डोळे चुरचुरतात, पण थेंब बरोबर जागी पसरून चकाकला की काय बरं वाटतं! पंधरा जोड. एकूण एक गुळगुळीत. माझं मलाच कौतुक वाटलं — दुसरं कोण करणार?

सगळं बंद केलं, तारा चढवल्या, ॲम्प लावला आणि — हूंऽऽऽ! नुसती घरघर. तारेला हात लावला तरी तशीच. अर्थिंगची तार नव्या ब्रिजखालून घ्यायलाच विसरले! मूर्ख! परत अकरा स्क्रू.

१६ फेब्रुवारी, रविवार

घरघर गेली. खुंट्या लोण्यासारख्या फिरतात. तारा जागच्या हलत नाहीत. नट असा बसलाय की नख जात नाही. गिटार हातात घेतली तर नवीच वाटली.

वाजवली. तेच! तसंच मंद, तसंच उशीखाली! सगळं, सगळं बदललं आणि काडीचा फरक नाही! नॉब पुढे केला, आणखी पुढे, शेवटपर्यंत. ॲम्पवरचाही शेवटपर्यंत. तेव्हा कुठे जरा धार आल्यासारखी वाटली.

आई स्वयंपाकघरातून दोन्ही कानांवर हात धरून बाहेर आली. "अगं बंद कर! सुई टोचल्यासारखं होतंय!"

"तूही त्यांचीच!"

"कोणाची?"

"त्या दोघांची!"

"मी कोणाचीच नाही बाई. सकाळी शिट्टीची किटली ओरडून ओरडून पाणी आटलं, तू उठेनास म्हणून मी उठले. तिथे दाराबाहेर टेबलाशीच बसली होतीस ना?"

बसले होते. किटली ऐकली नाही. कामात होते.

१७ फेब्रुवारी, सोमवार

पिकअप बनावट आहेत. दुसरं काय असणार! दुकानदाराने हातोहात बनवलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

भांडायच्या तयारीनेच गेले. दुकानात एक बाई होती, मुलीसाठी पेटी बघायला आलेली. मी सरळ गिटार काउंटरवर ठेवली. "ऐका काय दिलंत ते."

त्याने आधी उलटीपालटी करून बघितली. पट्टी उघडायला लावली. आत बॅटरी मारून जोड बघितले, एकेक. म्हणाला, "हे तुम्ही केलंत?"

"मग कोण येऊन करून गेलं?"

मग वाजवली. नॉब मध्यावर. मला काही विशेष ऐकू आलं नाही. मी म्हटलं, वाढवा. त्याने वाढवला. म्हटलं, आणखी. शेवटी मीच हात घालून पूर्ण फिरवला. ती पेटीवाली बाई चेहरा वाकडा करून कानात बोटं घालून दाराबाहेर जाऊन उभी राहिली.

मी तिच्याकडे बघत राहिले. ही बाई मास्तरला ओळखत नाही. धाकट्याला ओळखत नाही. हिला माझ्याशी काय वैर?

दुकानदाराने ॲम्प बंद केला. टेबलावरचं माहितीपत्रक उचलून वाचायला लागला, अगदी तोंडासमोर धरून. मला राग आला. मग त्यामागून काहीतरी बुडबुडल्यासारखं आलं. "...हा ...आगऊ ...आ?"

"काय?"

परत तेच.

"तोंड झाकून काय बोलताय? नीट बोला ना!"

त्याने पत्रक खाली घेतलं. "चहा मागवू का, एवढंच विचारत होतो बाई. दोनदा विचारलं."

त्याने पत्रक बाजूला ठेवलं.

"पिकअप अस्सल आहेत," तो म्हणाला. आता सावकाश, तोंड माझ्याकडे करून — आणि ते मला जास्त लागलं. "इतकी स्वच्छ वाजणारी गिटार माझ्या दुकानात आत्ता दुसरी नाही. तुम्ही कान दाखवून या."

चहा घेतला नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

जाणार नाही. कुठेही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

गेले. आईने चपला समोर आणून ठेवल्या, तेव्हा गेले.

कपाटाएवढी खोली, भिंतींना स्पंज, एक खुर्ची, काचेची खिडकी. पलीकडे डॉक्टरीणबाई. कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. "कितीही बारीक आवाज आला तरी दाबायचं."

पहिले आवाज जाडे होते. दाबलं, दाबलं, दाबलं. वाटलं, हे काय, सोपं तर आहे! मग काही येईना. मशीन थांबलं असेल, मी आपली वाट बघत बसले. मुलाखतीला बसल्यासारखी, हात मांडीवर. बराच वेळ. कंटाळून खिडकीकडे बघितलं.

त्या बाईंचा हात चालू होता. कळ दाबत होत्या, कागदावर टिंब देत होत्या, परत कळ दाबत होत्या. सारखा चालू होता हात. माझ्या कानात शांतता!

अंगठा बटणावर तसाच होता. एकदा खोटंच दाबावंसं वाटलं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आईला सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटायचंच." मग वाटलं तेव्हा तोंड का शिवलं होतं? "तू चिडतेस." मी चिडते! मी चिडले.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

रिपोर्ट. आलेखाची रेघ सरळ जाते आणि मग कड्यावरून पडल्यासारखी खाली. वरच्या पट्टीचं जवळजवळ गेलं. स, श, च ऐकू येत नाहीत, मी ते लोकांच्या तोंडावरून वाचते. कधीपासून वाचते, माझं मलाच माहीत नाही. गिटारची धार तिथेच राहते, त्या गेलेल्या भागात. म्हणून मी नॉब फिरवत राहिले. मला पुरेशी होईपर्यंत दुनियेला सुई.

येणार नाही परत. मशीन लावायचं, आहे ते सांभाळायचं. मोठ्या आवाजात पुन्हा उभं राहायचं नाही. कधीच.

"डावा जास्त गेलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "डाव्या बाजूला काय असायचं?"

काय असायचं! झांजा असायच्या. हातभर अंतरावर. बावीस वर्षं.

"ड्रम कोण वाजवायचं?"

मी रिपोर्टची घडी घातली.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

आज त्याला फोन लावला. त्यानेच उचलला. "ताई!" म्हणाला, एकदम आनंदाने. कसला आनंद रे?

मग बोलले. इथे लिहून ठेवते, म्हणजे नंतर म्हणायला नको की मी नव्हतेच बोलले. म्हटलं, माझा कान तू खाल्लास. तुझ्या त्या पितळी थाळ्या माझ्या डोक्यात बडवल्यास बावीस वर्षं, आणि मी बहिरी झाल्यावर मला उचलून फेकलीस. म्हटलं, तुला माझ्यामुळे काम मिळालं, माझ्यामुळे घर झालं, तुझ्या लग्नातसुद्धा मीच वाजवत होते, कारण मास्तरला बदली माणूस मिळाला नव्हता. म्हटलं, लहानपणी आईने तुला बडवलं असतं तेच बरं होतं, माझंच चुकलं. आणि शेवटी — माझ्यापुरता तू मेलास.

हे सगळं ऐकून काय म्हणाला? "हो ताई." प्रत्येक वाक्याला, "हो ताई." "बरं ताई." मेलास म्हटलं तर त्यालाही "हो ताई, हो."

एकदा तरी नाही म्हण! भांड! माफी माग! नाही. दगड आहे नुसता. मीच फोन आपटला.

आई दारात उभी होती. दिवसभर बोलली नाही.

३ मार्च, सोमवार

दुकानदाराला गिटार विकून टाकायला गेले. त्याने घेतली नाही. भिंतीला टेकून ठेवली आणि एक दुसरीच, पोट उघडलेली गिटार माझ्यापुढे सरकवली. कोणीतरी आत सोल्डरचा चिखल करून ठेवलेला.

"हे साफ करून पिकअप बसवाल? माझे हात थरथरतात आता. कामाला या इथे."

"बहिरी बाई गिटारी दुरुस्त करणार? लोक हसतील."

"सोल्डरला कान लागत नाहीत. वाजवून मी बघीन, जोडा तुम्ही."

दया करताय का, विचारलं. म्हणाला, "बाई, मी दया केली असती तर तुमची गिटार विकत घेतली असती."

हसू आलं. कितीतरी दिवसांनी. तिथल्या तिथे जुने जोड सोडवायला बसले. बघू. हो म्हटलेलं नाही अजून.

४ मार्च, मंगळवार

भावजय आली होती. दारातच विचारलं, "ताई, शुक्रवारी ह्यांना फोन केला होता तुम्ही?"

म्हटलं, केला होता, आणि एकेक शब्द मनापासून बोलले.

ती खाली बसली. त्याच्या कानांची तपासणी चार वर्षांपूर्वीच झालीय. माझ्याहून वाईट. दोन वर्षं झाली, फोनवर त्याला काही म्हणता काही कळत नाही. सगळ्यांना "हो, हो" म्हणतो आणि फोन हिच्या हातात देतो. माझा हात सारखा नॉबकडे जायला लागला तेव्हाच त्याला समजलं. मास्तरच्या मागे लागून त्यानेच मला तिथून काढायला लावलं, आणि हिला बजावलं, ताईला सांगायचं नाही. "माझं गेलं ते गेलं. तिचं आहे तेवढं तरी राहू दे."

शुक्रवारी ही बाजारात गेली होती. परत आली तर स्वारी खुशीत, हिच्यासाठी दार उघडायला धावत आलेला.

"ताईचा फोन आला होता! दहा मिनिटं बोलली माझ्याशी. राग गेला तिचा."